तोच दिवा पुन्हा गेला: गाळ्यातल्या एलईडी हायबेचं दुखणं कसं शोधलं

रबाळे एमआयडीसीत आमचं मशीन शॉप आहे. गाळा १८ मीटर लांब, १२ मीटर रुंद, वर पत्रा, कण्यापाशी उंची साधारण ७ मीटर. सहा लेथ, दोन व्हीएमसी (संगणकावर चालणारी कटिंग मशीन), मागच्या कोपऱ्यात वेल्डिंग, दारापाशी तपासणीचं टेबल. मेंटेनन्स माझ्याकडे. म्हणजे पंख्यापासून पॅनेलपर्यंत जे बंद पडेल ते माझ्या नावावर.

आधी वर २५० वॅटचे मेटल हॅलाइड होते. पूर्ण उजेड यायला चार-पाच मिनिटं लागायची. वीज क्षणभर जाऊन आली तरी दिवा गार होईपर्यंत पुन्हा पेटत नसे. ते उतरवून १०० वॅटचे १२ गोल एलईडी हायबे, म्हणजे उंच छपरासाठीचे दिवे, लावले, चार-चारच्या तीन ओळींत. बिल उतरलं, शेठ खूश झाले.

पाचव्या महिन्यात पहिला दिवा गेला. मग दुसरा. १४ महिन्यांत ९ वेळा दिवा बदलला. वॉरंटीत नवा फुकट मिळायचा हे खरं, पण वर चढायला मचाण, दोन माणसं आणि खालचं मशीन अर्धा दिवस बंद, हे कुठल्या वॉरंटीत बसतं? तिसऱ्या खेपेला विक्रेता म्हणाला, "तुमच्याकडे व्होल्टेजचा प्रॉब्लेम आहे." शेठ म्हणाले, "कंपनी बदल." दोघांचंही थोडं थोडं बरोबर निघालं, पण ते कळायला मला आणखी दोन महिने लागले.

आधी वही

तिसऱ्या खेपेला जे केलं ते पहिल्यांदाच करायला हवं होतं. छपराचा नकाशा काढला, प्रत्येक दिव्याला नंबर दिला आणि वहीत लिहायला लागलो: कोणता दिवा, कोणत्या फेजवर (पुरवठ्याच्या लाल, पिवळ्या, निळ्या तारांपैकी कुठल्या), कोणत्या तारखेला गेला, त्या वेळी खाली काय चालू होतं. जुन्या नोंदी चलनांच्या तारखांवरून जुळवल्या.

नऊपैकी सात नोंदी एकाच ओळीतल्या निघाल्या. भिंतीकडची ओळ, चारही दिवे निळ्या फेजवर, तीन जागी तर दोनदा बदललेले. उरलेले दोन मधल्या ओळीतले, बरोबर कण्याखालचे, आणि दोन्ही मे महिन्यात गेलेले.

एवढ्यावर निम्मं निदान होतं. एकाच फेजवरचे दिवे जात असतील तर पुरवठा बघायचा. सगळ्यात उंच, पत्र्याला चिकटलेले जात असतील तर उष्णता. एखाद्या मशीनच्या डोक्यावरचेच मंद होत असतील तर तिथला धूर, वाफ, तेलाचं धुकं. आणि कशाचीच संगती लागत नसेल, तर मात्र माल हलका असण्याची शक्यता जास्त. आमच्याकडे एक नाही, दोन वेगवेगळी दुखणी होती. "दिवे जातात" या एका वाक्याखाली आम्ही ती एकत्र बांधून ठेवली होती, म्हणून उत्तर सापडत नव्हतं.

मेलेला दिवा परत देण्याआधी उघडून बघा

वॉरंटीतला दिवा उघडला तर विक्रेता कुरकुर करतो. त्याच्या देखतच उघडा, किंवा वॉरंटी संपलेला एखादा घ्या. आत काय दिसतं त्यावरून बरंच कळतं.

ड्रायव्हर म्हणजे मेनची वीज एलईडीला चालेल अशी करून देणारा भाग. त्याच्या वीज येते त्या टोकाला एक चपटी, गोल चकती असते, बहुतेक निळी किंवा पिवळी. ती व्हॅरिस्टर. व्होल्टेज मर्यादेबाहेर गेलं की आधी तोच बळी जातो. चकती तडकलेली, काळी पडलेली, आजूबाजूला काजळी असेल तर दिव्याला जास्त व्होल्टेज बसलं आहे. निळ्या ओळीतल्या चारही ड्रायव्हरमध्ये मला हेच दिसलं.

उभ्या डब्यासारख्या कपॅसिटरची टोपी फुगलेली असेल किंवा बुडाशी चिकट ओल असेल, तर ते उष्णतेचं काम. कण्याखालचे दोन्ही दिवे असेच गेलेले.

ड्रायव्हर ठणठणीत, पण एलईडीच्या पट्टीवर एखाद्या पिवळ्या ठिपक्याच्या मधोमध सुईच्या टोकाएवढा काळा डाग असेल, तर तो एक एलईडी आतून तुटलाय आणि त्याच्या मागची सगळी माळ त्यामुळे अंधारात गेलीय. दिवा दर सेकंदाला लुकलुकत असेल तर बहुधा हीच गत असते: ड्रायव्हर सुरू व्हायचा प्रयत्न करतो, पुढे काहीतरी चुकतंय हे कळून थांबतो, पुन्हा प्रयत्न करतो. याउलट दहा-वीस मिनिटं चालून बंद, गार झाल्यावर पुन्हा चालू, असं असेल तर आतलं तापमान-संरक्षण काम करतंय. तो दिवा अजून मेलेला नाही, पण त्याच वाटेवर आहे.

आणखी एक प्रकार. आमच्याकडे तो नव्हता, पण ओळखीच्या एका रबर मोल्डिंगच्या गाळ्यात पाहिला. दिवे जात नव्हते, नुसतेच वर्षभरात निस्तेज, तपकिरी झाले होते. एलईडीच्या आत चांदीचा मुलामा असतो, उजेड परतवण्यासाठी. हवेतल्या गंधकाच्या संयुगांनी तो काळा पडतो, घरातल्या चांदीच्या निरांजनासारखाच. रबर पक्कं करताना गंधक वापरतात. रासायनिक कारखान्यांच्या शेजारीही हा त्रास संभवतो. तिथे नुसतं आयपी ६५ पुरत नाही, कारण ते धूळ आणि पाण्यासाठीचं माप आहे, वायूसाठीचं नाही. गंधक सोसणारे एलईडी आहेत का, असं उत्पादकाला सरळ विचारायचं आणि लेखी घ्यायचं.

न्यूट्रल

आता निळी ओळ. मल्टिमीटर घेऊन मी सकाळी मोजलं होतं: तिन्ही फेज न्यूट्रलशी (तिन्हींची सामाईक परतीची तार) २३५ ते २४० च्या दरम्यान. सगळं छान. म्हणून मीही विक्रेत्याला ठणकावून सांगितलं होतं, व्होल्टेज बरोबर आहे. चूक माझी. मी मोजलं तेव्हा वेल्डिंग बंद होतं.

वेल्डिंग आणि कॉम्प्रेसर जोरात असताना मोजलं तेव्हा लाल फेज २०१, पिवळा २४०, निळा २७८. फेज ते फेज मात्र तिन्हीकडे ४१० च्या आसपास. न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात तब्बल ४५ व्होल्ट. ड्रायव्हरच्या लेबलवर वरची मर्यादा २७०.

फेज ते फेज ठीक, पण फेज ते न्यूट्रल एक चढा आणि एक उतरलेला, हे चित्र दिसलं की दिव्याच्या कंपनीला शिव्या देणं थांबवा. न्यूट्रल सैल आहे. न्यूट्रलचा सांधा नीट असेल तर तो तिन्ही फेजच्या मधोमध बसून राहतो. सांधा सैल झाला की ज्या फेजवर ओझं जास्त त्याच्याकडे तो सरकतो, आणि सगळ्यात हलक्या फेजचं व्होल्टेज चढतं. आमच्याकडे वेल्डिंग लाल फेजवर, आणि निळ्यावर जेमतेम चार दिवे नि दोन पंखे. बिचाऱ्या निळ्या ओळीचा गुन्हा एवढाच की तिच्यावर लोड कमी होता.

मेन स्विच बंद करून, कुलूप लावून, परवानाधारक इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टरला बोलावून पॅनेल उघडलं. (हे काम चालू पॅनेलमध्ये, स्वतःच्या भरवशावर करायचं नाही. मला येतं म्हणून मीही केलं नाही.) न्यूट्रलची केबल अ‍ॅल्युमिनियमची, बसबार (पॅनेलमधली जोडणीची पट्टी) तांब्याची, आणि मधे साधा अ‍ॅल्युमिनियमचा लग, म्हणजे केबलच्या टोकाचं टोपण. दोन धातूंच्या सांध्यात ओल शिरली की झीज सुरू होते. आमच्याकडे एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला पारसिकचा डोंगर, आणि चार महिने पावसाळा. ओलीला तोटा नाही. लगवर पांढरी पूड साठलेली, बोल्ट हाताने फिरत होता, केबलचं आवरण वितभर करपलेलं. बायमेटॅलिक, म्हणजे दोन्ही धातू जोडून केलेला, लग टाकला, बसबार घासून साफ केली, बोल्ट टॉर्क रेंचने आवळला. पुन्हा पूर्ण लोडवर मोजलं: २३५, २३८, २४०. न्यूट्रल-अर्थ दोन व्होल्टच्या आत.

न्यूट्रल इतका तापला कशाने, हाही प्रश्न होताच. तिथे हार्मॉनिक्सचा, म्हणजे विजेच्या बिघडलेल्या लयीचा, हात आहे. संगणक, मशीनचे पॉवर सप्लाय, स्वस्त एलईडी ड्रायव्हर हे सगळे वीज सलग न घेता हिसके देत घेतात. त्यातले तिसऱ्या पटीचे हिसके तिन्ही फेजचे मिळून न्यूट्रलमध्ये एकमेकांना खोडत नाहीत, उलट त्यांची बेरीज होते. १२ दिव्यांनी काही न्यूट्रल जळत नाही, खरं सांगायचं तर. पण ऑफिसचे संगणक, मशीनचे पॉवर सप्लाय, वेल्डिंग आणि त्यात हे दिवे, असं साचत जातं. टाँग टेस्टर (तारेला चिमटा लावून करंट मोजणारं मीटर) ट्रू आरएमएस असेल तरच हा करंट खरा दिसतो. स्वस्तातला कमी दाखवतो. न्यूट्रलमधला करंट फेजहून जास्त दिसला तर कॉन्ट्रॅक्टरला बोलवा.

मीटरपाशीच फेज-न्यूट्रल असे विस्कटलेले दिसत असतील तर प्रश्न तुमच्या पॅनेलबाहेरचा आहे. महावितरणकडे १९१२ वर तक्रार नोंदवा आणि मोजणीची वेळ, आकडे, फोटो जवळ ठेवा.

पत्र्याखालचा मे महिना

मधल्या ओळीचं दुखणं सोपं होतं. दिवे कण्याच्या अँगलला थेट बोल्ट केलेले, ड्रायव्हर दिव्याच्या डोक्यावर, आणि त्याच्या वर वितभर अंतरावर तापलेला पत्रा. मे महिन्यात दुपारी दोन वाजता कण्यापाशी थर्मामीटर टांगला तर ५२ अंश. खाली माणसांच्या उंचीवर ३८. दिव्याच्या माहितीपत्रकात सभोवतालचं तापमान कमाल ४५ लिहिलेलं. ते आम्ही वाचलंच नव्हतं. वॅट, किंमत आणि वॉरंटी एवढंच वाचलं होतं.

इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचा (तोच उभ्या डब्यासारखा) ठोकताळा असा की तापमान १० अंशांनी वाढलं की आयुष्य निम्म्यावर येतं. "५०,००० तास" हा आकडा बहुधा एलईडीचा असतो, म्हणजे इतक्या तासांनी उजेड मूळच्या ७० टक्क्यांवर येईल असा. ड्रायव्हर तितका जगेल असं त्यात कुठे म्हटलेलं नसतं.

उपाय फुकटातला: साखळी लावून दिवे सव्वा मीटर खाली घेतले. तिथे त्याच वेळी ४४ अंश. शिवाय जमिनीवर उजेड थोडा वाढला तो वेगळाच. पत्र्यावर एक टर्बो व्हेंटिलेटर बसवायचं शेठनी मान्य केलंय, अजून बसलेला नाही.

मामांचा चक

हे दुखणं कुणी तक्रार म्हणून सांगितलंच नव्हतं. दिवे जाण्याच्या गडबडीत आमचे सगळ्यात जुने टर्नर, सगळे त्यांना मामा म्हणतात, सहज बोलून गेले, "काल मला चक उभा दिसला रे. हात घालणार होतो."

चक म्हणजे लेथवर जॉब जबड्यांत धरून फिरवणारा भाग. ऐकून माझ्या अंगावर काटा आला. आपली वीज ५० हर्ट्झची. स्वस्त दिव्यात ती गाळून सपाट केलेली नसते, त्यामुळे उजेड सेकंदाला १०० वेळा चढतो-उतरतो. डोळ्यांना तो सलगच वाटतो. पण समजा लेथ मिनिटाला १००० फेरे घेतोय आणि चक तीन जबड्यांचा आहे. उजेडाच्या एका ठोक्यात चक बरोबर ६० अंश फिरतो, दोन ठोक्यांत १२०, म्हणजे एका जबड्याच्या जागी दुसरा जबडा. परिणाम: सहा पुसट जबडे, जागच्या जागी उभे. फेरे ९९० झाले की तोच चक हळूहळू उलटा फिरताना दिसतो. २००० ला तर तीनच जबडे, स्वच्छ, थांबलेले. चार जबड्यांचा चक १५०० ला हेच करतो.

ट्यूबलाइटच्या काळात जुन्या वायरमनना हे पक्कं ठाऊक होतं. शेजारशेजारच्या ट्यूब ते वेगवेगळ्या फेजवर टाकायचे. आम्ही मात्र वायरिंग सोपं व्हावं म्हणून एक ओळ एक फेज असं केलं होतं. त्यामुळे मामांच्या लेथवर पडणारा जवळजवळ सगळा उजेड एकाच तालात लुकलुकत होता.

तपासायला उपकरण लागत नाही. दिव्याखाली स्टीलची पट्टी किंवा पेन्सिल पंख्यासारखी जोरात हलवा. सलग पुसट पडदा दिसला तर ठीक, सुट्या सुट्या पेन्सिली दिसल्या तर दिवा लुकलुकतोय. फोनच्या स्लो मोशनमध्येही उजेडाच्या लाटा दिसतात. हे दुकानात, पैसे द्यायच्या आधी करा. आमचे दिवे "ड्रायव्हर ऑन बोर्ड" जातीचे नव्हते, तरीही लुकलुकत होते. त्या जातीचे, म्हणजे वेगळा ड्रायव्हर नसून सगळं एलईडीच्याच पट्टीवर बसवलेले दिवे, फिरत्या मशीनवर मी फुकट मिळाले तरी लावणार नाही.

आता प्रत्येक ओळीत लाल, पिवळा, निळा असे आळीपाळीने दिवे जोडलेत. तीन फेजचे चढ-उतार एकमेकांना भरून काढतात. एक सावधगिरी: शेजारच्या दोन दिव्यांत आता ४१५ व्होल्टचं अंतर आहे, म्हणून प्रत्येकावर फेजचं रंगीत लेबल लावलं आणि तिन्ही फेज एकदम तोडणारा एमसीबी घातला. शिवाय प्रत्येक लेथला २४ व्होल्ट डीसीचा मशीन लॅम्प. मामा म्हणतात, "आता फिरताना फिरतोय असं दिसतं."

मग घ्यायचा कुठला

खराब झालेले आणि लुकलुकणारे सगळेच दिवे टप्प्याटप्प्याने बदलायचे ठरलं, तेव्हा या वेळी हिशोब करून घेतले.

वॅट विसरा, ल्युमेन बघा, म्हणजे दिवा एकूण उजेड किती देतो ते. लक्स म्हणजे दर चौरस मीटरवर पडणारे ल्युमेन. आमची जमीन २१६ चौरस मीटर. सर्वसाधारण उजेड ३०० लक्स धरला तर ६४,८०० ल्युमेन जमिनीवर पोचायला हवेत. पण भिंती काळवंडलेल्या, म्हणून पोचण्याचं प्रमाण ०.५५ धरलं; धूळ नि वयाची घट ०.७५. भागाकार करून साधारण १,५७,००० ल्युमेन. १३,००० ल्युमेनचा एक दिवा धरला की १२ दिवे. म्हणजे संख्या आमची पहिल्यापासून बरोबर होती. आयएस ३६४६ या भारतीय मानकात मध्यम प्रतीच्या जोडणीकामाला ३००-५००-७५० लक्स अशी पट्टी आहे. सगळ्या गाळ्यात ५०० करायचे तर २० दिवे लागले असते. ते न करता वर ३०० आणि मशीनवर, टेबलावर स्वतंत्र दिवे, हे मला जास्त पटतं. लक्स मोजायला फोनचं अ‍ॅप नको, साधा लक्समीटर दीड-दोन हजारांत मिळतो.

तपासणीच्या टेबलावर हायबेचा उजेड उपयोगाचा नाही. टर्न केलेल्या चकचकीत जॉबवर त्या गोल दिव्याचं प्रतिबिंब पडतं आणि मायक्रोमीटरच्या रेघा दिसत नाहीत. तिथे दुधी कव्हरची लांब बॅटन, बाजूने. चकाकी आणि सावल्यांमुळे डोळ्यांवर ताण किंवा अपघाताचा धोका नको, असं कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम १७ मध्येच होतं (२०२५ मध्ये त्या कायद्याची जागा नव्या संहितेने घेतली). इन्स्पेक्टर विचारू शकतो.

रंगाचं म्हणाल तर आपल्याकडे ६५०० केल्व्हिनचं भारी वेड. निळसर पांढरा म्हणजे जास्त उजेड असं वाटतं, तेवढंच. आम्ही ५००० घेतले, रंगदर्शकता (रंग किती खरे दिसतात त्याचं माप, सीआरआय) ८० च्या वर. तांब्या-पितळेचे जॉब ओळखायला बरं पडतं.

ड्रायव्हरसाठी मी कोटेशनमध्ये लिहून मागितलं: वेगळा, बदलता येणारा, ४४० व्होल्ट चुकून बसलं तरी तग धरणारा, व्होल्टेजचा क्षणिक उसळा (सर्ज) सोसायची क्षमता किमान ४ केव्ही, पॉवर फॅक्टर ०.९ च्या वर. सभोवतालचं तापमान ५० अंश. बीआयएस नोंदणी क्रमांक लेबलवर. आणि उजेडातला चढ-उतार किती टक्के, तेही. पाच विक्रेत्यांपैकी दोघांनी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर दिलं. तिघांनी "सर, बेस्ट क्वालिटी आहे" असं कळवलं. निवड सोपी झाली.

लेथच्या वर पॉलिकार्बोनेटची लेन्स असेल तर कूलंट आणि सॉल्व्हंटच्या वाफेने तिला बारीक तडे जातात; तिथे काचेची बरी. आणि पेंट बूथ किंवा थिनरची खोली असेल तर हा सगळा हिशोब बाजूला ठेवा. आयपी ६५ म्हणजे फ्लेमप्रूफ (आतल्या ठिणगीने बाहेरची वाफ पेटणार नाही असा) नव्हे. तिथे प्रमाणित फ्लेमप्रूफ फिटिंगच, दुसरी चर्चा नाही.

किरकोळ

दिवे लावताक्षणी एमसीबी पडतो, नंतर उचलला तर टिकतो: ड्रायव्हरचे कपॅसिटर भरताना क्षणभर मोठा करंट ओढतात. बी कर्व्हऐवजी सी कर्व्हचा एमसीबी, जो असा क्षणिक करंट जास्त सोसतो, किंवा दिवे दोन सर्किटांत वाटा. आरसीसीबी (अर्थला गळती झाली की वीज तोडणारा स्विच) पडत असेल तर प्रत्येक ड्रायव्हरच्या फिल्टरमधून अर्थला जाणारी थोडी थोडी गळती साचते. त्यालाही विभागणी हाच उपाय, आरसीसीबी काढून टाकणं हा नव्हे. स्विच बंद करूनही दिवा मंद चमकतो: बहुधा स्विच फेजऐवजी न्यूट्रलवर आहे, आणि तो दिवा पुसायला चढणाऱ्यासाठी धोका आहे. जुन्या ट्यूबच्या पट्टीत एलईडी ट्यूब टाकून वारंवार जात असेल तर आतला चोक अजून जागेवर आहे का बघा.

या सगळ्याला आता अकरा महिने झाले. वहीत एकच नवी नोंद आहे. दिवा क्र. ७, पिवळा फेज, वीस मिनिटांनी बंद, गार झाल्यावर चालू. वर चढलो तर हीटसिंकच्या पात्यांवर कबुतराचं घरटं, आत दोन अंडी. दिव्याला तेवढ्यापुरतं बंदच ठेवलं. पिल्लं उडाल्यावर घरटं काढलं, बाराही दिव्यांवर अर्ध्या इंचाची जाळी बसवली, हवा खेळेल इतकं अंतर ठेवून.